मधला पूल

दूध डेअरीची निळी पाटी मला आठवते. त्यानंतर एकदम पुलाच्या पलीकडच्या टोकाचा कठडा आठवतो, आणि त्यावर कुणीतरी वाळत घातलेली मच्छरदाणी. मधला पूल नाही. गेली दोन वर्षं मी रोज सकाळी सायकलवरून जुन्या जालन्यातून निघून कुंडलिकेच्या या पुलावरून नव्या जालन्यात जातो, मागे कॅरिअरवर माझी नऊ वर्षांची पोरगी पायल असते, आणि आज सकाळी सातला दहा कमी असताना तो अख्खा पूल माझ्या डोक्यातून गेला. पडलो नाही. हँडल हातात होतं, पाय पॅडलवर होते. फक्त सायकल जवळजवळ थांबत आली होती, खालून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता आणि पायल मागून माझा शर्ट ओढत होती. "पप्पा, तेरा साते? पप्पा! तेरा साते किती?" मी म्हणालो, "एक्क्याण्णव." तिनं शर्ट सोडला. मग म्हणाली, "केव्हाची विचारून राह्यले मी." शेजारून लोखंडी सळया भरलेला ट्रक गेला. सळयांची टोकं मागे लोंबत होती आणि त्यांना लाल फडकं बांधलेलं होतं. ते फडकं मला फार स्पष्ट दिसलं, इतकं की त्याची शिवण उसवलेली होती हेही मी सांगू शकतो. म्हणजे डोळे चालू होते. मग पूल कुठे गेला?

शाळेच्या फाटकापाशी मी तिला उतरवलं आणि नेहमीप्रमाणे बुटांवरून बोललो. बोलायला काहीतरी हवं होतं. तिचे काळे बूट पुढून पांढरे पडले होते, उजव्या बुटातून मोजा डोकावत होता. "पाय घासत कशाला चालते गं? दिवाळीनंतरचा दुसरा जोड आहे हा." रस्ताभर जिच्या तोंडाला खळ नसते, ती फाटकात शिरली की एकदम मुकी होते. दप्तराखाली वाकून, पाय ओढत आत गेली. तिच्या बडबडीचा मला कंटाळा येतो हे मी इथं सांगून टाकतो. घरापासून शाळेपर्यंत एकेक प्रश्न. पप्पा, तो बोर्ड वाचा. पप्पा, बारा नव्वे? पप्पा, काल तुम्ही डब्यात काय नेल्तं? पप्पा, झाडाला झोप येते का? मी हं म्हटलं की तिला चालत नाही. "हं नका म्हणू, बराबर सांगा." सकाळच्या शाळेचे दिवस आहेत, मार्चमध्येच ऊन तापायला लागलंय, नळाला आठवड्यानं पाणी येतं तेही भल्या पहाटे, आणि ही पाठीमागे बसून माझी परीक्षा घेते. मी प्रीतीला एकदा म्हणालो होतो, ही पोरगी मोठी झाली की वकील होणार आणि पहिला खटला माझ्यावरच भरणार.

झोप होती की फिटचा झटका, एवढंच मला कळायला हवं होतं. झोप असेल तर काही नाही. झोप कुणालाही येते, आमच्या बियाण्याच्या कंपनीत तर साहेबांना मीटिंगमध्ये येते. पण झटका असेल तर सगळं पहिल्यापासून. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी जेवता जेवता पडलो. मला त्यातलं काही आठवत नाही. वरणाची वाटी आठवते आणि मग थेट दवाखान्यातला पंखा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक. म्हणाले, तीन वर्षं काही झालं नाही तर कमी करत जाऊ. मोटरसायकल बिलकुल बंद. सायकलही नकोच, चालवलीच तर एकट्यानं, गर्दीत उतरून ढकलायची. एकट्यानं हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला होता. मोटरसायकल मेव्हण्याकडे गेली आणि प्रीतीची नर्सिंगच्या शिक्षणातली सायकल माळ्यावरून खाली आली. बुटकी लेडीज सायकल, पुढं जाळीची टोपली. लॅबमधला वसंता मला पहिल्या दिवशीच म्हणाला, "काय राजानंदभाऊ, भाजी आणायला निघाले का?" मी हसलो. त्या गोळ्यांनी दिवसभर डोक्यावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं वाटतं, त्यात हसायला फारसा खर्च येत नाही.

प्रीती वाटूरला आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. सहाची एसटी पकडते, संध्याकाळी साडेसातला येते. शाळेच्या व्हॅनमध्ये चौदा पोरं कोंबतात आणि दार सुतळीनं बांधतात हे तिनं एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्या दिवशी व्हॅन बंद. तिची थोरली बहीण बेबीनंदाताई शाळेजवळ राहते. शाळा सुटल्यावर त्या पायलला घरी नेतात, संध्याकाळी मी घेऊन येतो. सकाळचा प्रश्न राहिला. मी म्हणालो, मी नेतो सायकलवर. प्रीती बराच वेळ भांडी विसळत राहिली आणि मग तिनं एकच अट घातली. पुलावर उतरायचं. पूल पायी ओलांडायचा. मी मान हलवली आणि दोन महिने खरंच उतरलो. मग कंपनीत हजेरीला अंगठा लावायचं मशीन आलं, पायी पूल ओलांडला की अकरा मिनिटं उशीर व्हायला लागला, आणि एका सकाळी मी उतरलो नाही. कुणी काही म्हटलं नाही. प्रीतीनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ही आम्हा नवऱ्यांची जुनी हातोटी आहे, आणि मी तिच्यात पटाईत आहे.

त्याऐवजी मी दस्ती बांधायला लागलो. आमच्याकडे खांद्यावरच्या पांढऱ्या फडक्याला दस्ती म्हणतात. घाम पुसायला, डोक्याला गुंडाळायला, भाकरी बांधायला, सगळ्याला तीच. पायल कॅरिअरवर बसली की मी तिच्या कमरेभोवती दस्ती घालायचो आणि दोन्ही टोकं माझ्या पोटावर आणून गाठ मारायचो. हे मला माझ्या बापानं दिलं. आमचे दादा, पुंजाराम, मला अंबडच्या बाजाराला न्यायचे ते असंच बांधून. त्यांच्या पाठीचा घामाचा आणि तंबाखूचा वास, गालाला टोचणारी सदऱ्याची शिवण, आणि पोटावरची ती घट्ट गाठ. मला वाटायचं, जगात आता काही होऊ शकत नाही. एकदा वळणावर बैलगाडीला वाट देताना आम्ही दोघं सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत गेलो. माझं कोपर फुटलं, दादांचा गुडघा. घरी आल्यावर आईनं आरडाओरडा केला तेव्हा दादा छाती काढून म्हणाले, "पोरगं सुटलं का? न्हाई सुटलं. बांधलेलं होतं." सगळ्या घरानं मान डोलावली. मीसुद्धा. मला आजवर त्या वाक्यात काही चूक दिसली नव्हती. आज लॅबमध्ये हात धुताना ती एकदम दिसली. बांधलेलं होतं म्हणूनच तर मी चारीत गेलो. सुटं असतो तर रस्त्यावरच धपकन बसलो असतो. आणि मी माझ्या पोरीला बांधतो कुणाला, तर ज्याचा पूल हरवतो त्याला. माझ्या झोपेला मी तिला गाठ मारून बांधलं होतं. नळ चालूच होता, वसंतानं येऊन बंद केला.

माझं काम बी उगवतं की नाही ते बघायचं. ओल्या कागदावर कपाशीचे शंभर दाणे ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, उबेच्या पेटीत ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी उलगडायची. कोंब फुटलेले वेगळे, वेडेवाकडे फुटलेले वेगळे, कुजलेले वेगळे. पण काही दाणे असे असतात की ते ना फुगतात ना कुजतात, टाकले तसेच. त्यांचा रकाना वेगळा असतो आणि त्यांच्याविषयी कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. आज मी एक गुंडाळी तीनदा मोजली. तिन्ही वेळा निराळा आकडा आला. वसंता म्हणाला, "भाऊ, घरी जा. तोंड पहा आरशात." मी म्हणालो, ठीक आहे मी. हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणतो कुणास ठाऊक. थकलेल्या माणसाला खरं बोलायचाही कंटाळा येतो, हे माझं आज पटलेलं मत आहे. प्रीतीला फोन लावायचा म्हणून दोनदा मोबाईल काढला. काय सांगणार? पुलावर उतरलो नव्हतो, हे आधी सांगावं लागणार. त्याच्यापुढचं मग.

बाराच्या सुमाराला तोच मोबाईल वाजला. पायलच्या वर्गशिक्षिका, वंदना मॅडम. "घाबरू नका, तसं काही नाही," त्या म्हणाल्या. "पायल घरी उशिरा झोपते का?" "नाही मॅडम. नऊला झोपते." "मग असं कसं? रोज पहिल्या तासाला झोपते हो ती. बाकावर डोकं टेकलं की गेलीच. आधी मी रागावले, पण आता बघवत नाही. एवढंसं लेकरू, शेतातून आल्यासारखं दमलेलं असतं." माझं गप्प राहणं त्यांना लागलं असावं. "अभ्यासात हुशार आहे," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "पाढे तर पंचविसापर्यंत येतात तिला. चौथीत कुणालाच येत नाहीत. तुम्ही घेता वाटतं करून?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. फोन ठेवून मी पुढची गुंडाळी उलगडली. पोरीला रक्त कमी असेल. जंत असतील. प्रीतीला सांगायला हवं, तपासून घेईल. इतकं सगळं सुचलं, पण जे समोर होतं ते सुचलं नाही.

ते बेबीनंदाताईंना सुचलं, किंवा त्यांना नुसतं दिसलं. संध्याकाळी मी पायलला आणायला गेलो तेव्हा त्या पायरीवर बसून होत्या, मांडीवर पायलचे बूट. जयभीम करून मी खाली टेकलो. "दाजी, हे बूट पहा," त्या म्हणाल्या. "उंदरानं कुरतडल्यावानी झाले." मी म्हणालो, "चालताना घासते ताई. किती सांगितलं." त्यांनी बूट उलटे करून माझ्यापुढं धरले. "चालून घासले तर टाचा जात्यात. हिच्या टाचा पहा, नव्या कोऱ्या. समोरून गेलेत नुसते." मी बूट हातात घेतला. खरंच होतं. मागे टाचेवर कंपनीचा छाप अजून वाचता येत होता आणि पुढे चवड्याला सालटं निघालं होतं, रबर तिरकं झिजत आत गेलं होतं. सकाळचा तो घासण्याचा आवाज मला ऐकू आला. आवाज म्हणण्यापेक्षा, पुलाचा जो तुकडा हरवला होता त्याचं एक टोक हाताला लागलं. आतून पायल दप्तर घेऊन आली, माझ्या हातातला बूट तिनं पाहिला आणि जागीच उभी राहिली. चोरी पकडली गेली की माणूस असा उभा राहतो.

मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, पण हातात बूट होता. नुसतं विचारलं, "हे कसं झालं गं?" ती मावशीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही बोलत न्हाई तवा." "तवा काय?" "तवा मी पाय सोडते खाली. ब्रेक लागतो." बेबीनंदाताई आत जायला उठल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. मी विचारलं, "पाय पोचतात तुझे?" "दस्तीची गाठ थोडी ढिल्ली करते. मंग खाली सरकता येतं. मंग पोचतात." रोज शाळेपाशी गाठ सैल झालेली असायची आणि मी रोज स्वतःला शिव्या द्यायचो की साधी गाठ मारता येत नाही. "आन् हे तेरा साते, बारा नव्वे?" ती माझ्याकडे अशी बघायला लागली की एवढंही कळत नाही का. "तुम्ही जागे हायेत का ते कळतं. हं म्हणलं तर कळत न्हाई, हं झोपेत पण म्हणता येतं. पाढ्याचं उत्तर झोपेत येत न्हाई." मी विचारलं, "मम्मीनं सांगितलं तुला हे?" "न्हाई. मीच." आणि मग तिनं ते सांगितलं जे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या घरात तेव्हा शुद्धीवर असलेली दोनच माणसं होती आणि त्यातली मोठी माझं डोकं मांडीवर धरून रडत होती. "त्या रविवारी मी तुम्हाला विचारलं होतं, पप्पा पानी देऊ का. तुम्ही बोलले न्हाई. मला वाटलं चिडले. म्हून मी परत विचारलं न्हाई. मंग तुम्ही पडले."

एवढंसं बोलून ती बुटाची नाडी ओढत राहिली. सात वर्षांची होती तेव्हा. दोन वर्षं ती परत विचारते आहे. मी गप्प बसलो की पडतो, आणि तिनं विचारलं नाही म्हणून पडलो, असा हिशेब तिनं मनात मांडला आणि रोज सकाळी माझ्या पाठीमागे बसून तो चुकवत राहिली. आणि मी म्हणत होतो, वकील होणार. मला लाज वाटली, अगदी उघडी लाज. "आज पुलावर किती वेळा विचारलं?" "तेरा साते पाच वेळा." "पाच वेळा?" "हो. पाचव्याला बोलले तुम्ही. पाय लई दुखले." मग काहीतरी राहिल्यासारखं ती म्हणाली, "गांधीचमनपाशी झालं होतं तवा दोनदाच विचारावं लागलं." मी म्हणालो, "गांधीचमनपाशी कधी?" "दिवाळीच्या आधी. आन् एकदा संक्रांतीला, घरी येताना. तवा उतार न्हवता." म्हणजे आजचं तिसरं होतं. पहिली दोन माझ्याकडे नाहीतच. रस्त्याचे ते तुकडे या पोरीकडे आहेत, जपून ठेवलेले. मी विचारलं, "मम्मीला का नाही सांगितलं बाळा?" "मम्मीला सांगितलं तर सायकल बंद होईल. मंग मला शाळेत कोण नेईल?" अगदी माझंच उत्तर, माझ्याच आवाजात. हे तिला मी शिकवलं नव्हतं, पण दुसरं कोण शिकवणार होतं?

प्रीतीला मी तिथूनच, पायरीवर बसूनच फोन लावला. ती परतीच्या एसटीत होती, मागे कंडक्टर कुणाला तरी पुढे सरका म्हणत होता. मी सुरुवातीपासून सांगितलं, म्हणजे पुलावर उतरत नव्हतो तिथपासून. ती ऐकत राहिली. मी म्हणालो, "ऐकू येतंय ना?" ती म्हणाली, "येतंय. बोला." मग बूट सांगितले, टाचा सांगितल्या. पाण्याचं सांगितलं. मग ती म्हणाली, "मी पण त्या दिवशी तिला जवळ घेतलं न्हाई. तुमच्याकडंच पाहून राह्यले होते." पुढे तिचा आवाज नर्सचा झाला. "उद्या चारला डॉक्टरकडं जायचं. लपवायचं न्हाई, तीनदा झालं म्हून सांगायचं. आज सायकलवर बसू नका. ताईकडून रिक्षा करा." "आणि सकाळी?" मी विचारलं. "सकाळी जल्दी उठा. चालत जा." मी म्हणालो, पूर्ण वाट? ती म्हणाली, "हो. पूर्ण."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दहा कमी असताना आम्ही निघालो. रात्रीच रिक्षाच्या टपावर बांधून आणलेली सायकल मी बाहेर काढली, कारण साडेतीन किलोमीटर दप्तरासकट त्या पायांनी तिला चालवायचं नव्हतं. दस्तीची चौपदरी घडी करून कॅरिअरवर टाकली आणि तिला त्यावर बसवलं. "बांधायचं न्हाई?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नाही." एक हात हँडलवर, एक तिच्या पाठीवर, असा मी ढकलत निघालो. फेरीवाले अजून हातगाड्या लावत होते, एका मोटरसायकलवाल्यानं वळून पाहिलं, पंक्चर झालं का म्हणून विचारलं. दूध डेअरी आली. "चौदा एके?" पायल म्हणाली. मी म्हणालो, "अगं, आज कशाला? मी पायी आहे. पडलो तरी तू सुटी आहेस." "सवय झाली," ती म्हणाली, आणि थांबून राहिली. मी म्हणालो, "चौदा." "चौदा दुणे?" "अठ्ठावीस." तिचं डोकं पुढे झुकून माझ्या रिकाम्या सीटवर टेकलं. पूल सुरू झाला. तिसऱ्या खांबावरचा दिवा फुटलेला होता. खाली पात्रात बेशरमाची झुडपं आणि त्यात एक म्हैस. कठड्यावर कुणीतरी विटकरीनं बाणाला आरपार केलेलं हृदय काढलं होतं. हे सगळं दोन वर्षं इथं होतं. "चौदा चोक?" आवाज जड झाला होता. "छप्पन्न." "चौदा पाचे?" "सत्तर." पुढचा प्रश्न आला नाही. मी वाकून पाहिलं. तोंड उघडं होतं, लाळेचा थेंब सीटवर पडला होता. आणि पाठीवरच्या हाताला मला जाणवलं की तिचं अंग दचकायला लागलंय. मी गप्प झालो होतो ना. "चौदा सक चौऱ्याऐंशी," मी मोठ्यानं म्हणालो. अंग पुन्हा सैल झालं. "चौदा साते अठ्ठ्याण्णव." समोरून येणारी एक बाई माझ्याकडे बघत बाजूला झाली. चौदा आठे एकशे बारा. चौदा नव्वे एकशे सव्वीस. चौदा दाहे एकशे चाळीस झालं तेव्हा अजून अर्धा पूल बाकी होता. मी पंधराचा पाढा सुरू केला.